पायाचा फराटा होऊ नये म्हणून: फोनवर वेगवान खेळाचे चित्रीकरण कसे करावे

कबड्डीत बोनस गुण मिळवण्यासाठी चढाईपटूचा एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकावा लागतो आणि त्याच क्षणी मागचा पाय जमिनीपासून सुटलेला असावा लागतो. शिवाय त्या वेळी समोर किमान सहा बचावपटू असावे लागतात. हा सगळा प्रकार पापणी लवण्याच्या आत घडतो. लालबागमधल्या एका मैदानावर रात्रीच्या सामन्यात अशी एक चढाई मी फोनवर टिपली होती. दुसऱ्या दिवशी संघाच्या प्रशिक्षकांनी तो व्हिडिओ नेमका त्या क्षणावर थांबवला, पडद्यावर बोट ठेवले आणि विचारले, “ताई, यात मागचा पाय कुठंय?” पाय होता त्या जागी एक तपकिरी फराटा होता. खेळाडूचा चेहरा ओळखू येत होता, मागचे फलक वाचता येत होते, मॅटचा रंगही नीट आला होता, पण ज्या एका गोष्टीसाठी चित्रीकरण केले होते, तीच नेमकी पुसली गेली होती.

मुंबईत आज प्रत्येक मैदानाच्या कडेला दहा-वीस फोन वर धरलेले दिसतात. मुलांचे क्रिकेट असो, मल्लखांब असो, दहीहंडी असो, नाहीतर शाळेच्या पटांगणातली धावण्याची शर्यत असो, पालक आणि प्रशिक्षक मनापासून चित्रीकरण करत असतात. त्यांपैकी अनेकांच्या हाती शेवटी असेच फराटे लागतात. एकदा चित्रात मिसळलेला फराटा नंतर कोणत्याही संपादनाने पूर्णपणे निघत नाही, म्हणून जे काही करायचे ते रेकॉर्डिंगचे बटण दाबण्याआधी करावे लागते.

आधी दोष ओळखा

चित्र अस्पष्ट आले की आपण सरसकट “हललं” असे म्हणतो, परंतु त्यामागची कारणे वेगवेगळी असतात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. व्हिडिओ थांबवून एकच फ्रेम, म्हणजे व्हिडिओतले एक चित्र, मोठी करून पाहावी. खांब, कुंपण, मैदानावरच्या रेषा यांसारख्या स्थिर वस्तूही एकाच दिशेला ओढल्यासारख्या दिसत असतील, तर आपला हात हलला आहे. स्थिर वस्तू स्वच्छ आहेत आणि फक्त हात, पाय किंवा चेंडू ओढला गेला आहे, तर शटर जास्त वेळ उघडे राहिले आहे, म्हणजे फोनने त्या चित्रासाठी जास्त वेळ प्रकाश आत घेतला आहे. या लेखाचा मुख्य विषय तोच आहे. धूसरपणाला कोणतीच दिशा नाही, सगळे सारखेच मऊ दिसते आहे, तर फोकस चुकला आहे किंवा लेन्सवर बोटांचे ठसे आहेत. आणि कडा जागच्या जागी आहेत पण त्वचा, केस, गवत मेणासारखे गुळगुळीत झाले आहे, तर अंधारात चित्रावर उमटलेले बारीक ठिपके, म्हणजे दाणे, फोनने स्वतःहून पुसले आहेत.

लेन्सची बाब किरकोळ वाटते, पण मुंबईच्या दमट हवेत ती महत्त्वाची आहे. एसी लोकलमधून किंवा एसी खोलीतून थेट मैदानावर आलात, तर गार पडलेल्या काचेवर बाष्प धरते. फोन खिशातून काढून काही मिनिटे बाहेरच्या हवेत राहू द्यावा, मग मऊ सुती कापडाने लेन्स पुसावी आणि त्यानंतरच चित्रीकरण सुरू करावे.

फराटा तयार कसा होतो

व्हिडिओ म्हणजे एकामागून एक घेतलेली स्थिरचित्रे. प्रत्येक चित्र घेताना फोनचा सेन्सर काही काळ प्रकाश गोळा करतो. त्या काळाला शटरचा वेग म्हणतात, आणि तेवढ्या काळात समोरची वस्तू जितकी सरकेल, तितका लांब फराटा उमटतो. हे गणित तोंडी करण्याइतके सोपे आहे. चढाईपटूचा पाय सेकंदाला ५ मीटर वेगाने सरकतो असे धरले, तर १/५० सेकंदात तो १० सेंटीमीटर पुढे जातो. कबड्डीच्या मैदानावरच्या रेषा जेमतेम ३ ते ५ सेंटीमीटर रुंद असतात. म्हणजे फराटा रेषेपेक्षा दुपटीने लांब झाला; मग पाय रेषेच्या अलीकडे होता की पलीकडे, हे त्या चित्रावरून कोण सांगणार? तेच १/२५० सेकंदात पाय २ सेंटीमीटर सरकतो आणि १/५०० सेकंदात १ सेंटीमीटर. तेथे टाच आणि बोटे वेगळी दिसू लागतात.

क्रिकेटमध्ये आकडे आणखी मोठे आहेत. ताशी १०८ किलोमीटर वेगाचा चेंडू सेकंदाला ३० मीटर जातो. १/५० सेकंदात तो ६० सेंटीमीटरचा पट्टा काढतो आणि १/१००० सेकंदात ३ सेंटीमीटरचा. चेंडूचा व्यास सुमारे ७ सेंटीमीटर असल्याने १/१००० ला तो किंचित लांबट, पण चेंडू म्हणून ओळखता येईल असा दिसतो.

या गणितात अंतराचा कोठेही उल्लेख नाही, हे लक्षात घ्यावे. “लांब उभे राहा, म्हणजे ब्लर येणार नाही” असा सल्ला वारंवार ऐकू येतो. लांबून फराटा लहान दिसतो हे खरे, परंतु पायही तितकाच लहान दिसतो. नंतर तो भाग मोठा केला की फराटा त्याच प्रमाणात परत येतो. खेळाडूच्या तंत्राचा अभ्यास करायचा असेल, तर शटरचा काळ कमी करण्याला पर्याय नाही.

हा काळ कमी करण्याची किंमत प्रकाशाने चुकवावी लागते. शटरचा काळ निम्मा केला की सेन्सरवर पडणारा प्रकाशही निम्मा होतो. बहुतेक फोनच्या लेन्सचे छिद्र ठरावीक मापाचे असल्याने ते उघडझाप करता येत नाही, त्यामुळे ही तूट भरून काढायला फोनकडे आयएसओ वाढवणे, म्हणजे संवेदनक्षमता चढवणे, एवढाच मार्ग उरतो. १/५० वरून १/४०० वर जायचे असेल, तर आयएसओ १०० चा ८०० करावा लागतो, आणि आयएसओ वाढला की चित्रात दाणे दिसू लागतात. माझे स्पष्ट मत असे आहे की सरावाच्या व्हिडिओत दाणे चालतात, फराटा चालत नाही. दाणेदार चित्रातही पाय कुठे टेकला ते दिसते.

उजेड आणि उभे राहण्याची जागा

यावरून एक गोष्ट उघड होते. भर दुपारी शिवाजी पार्कवर हा प्रश्न जवळपास उद्भवतच नाही. कडक उन्हात चित्र पांढरेफटक होऊ नये म्हणून फोन आपण होऊन शटरचा काळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत, कधी त्याहूनही खाली आणतो. अडचण सुरू होते ती सूर्य कलल्यावर, झाडांच्या सावलीत, पत्र्याच्या शेडखाली, आणि मुख्य म्हणजे पावसाळ्यात. मुंबईची कांगा लीग ही क्रिकेट स्पर्धा १९४८ पासून पावसाळी दिवसांतली म्हणून ओळखली जाते आणि दहीहंडीही श्रावणातच येते. त्या दिवसांत आभाळ भरून आले की डोळ्यांना पुरेसा वाटणारा उजेड सेन्सरला बराच अपुरा पडतो. आपले डोळे अंधाराशी जुळवून घेतात, पण फोन शटर लांबवतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

म्हणून सरावाचे चित्रीकरण आपल्या हाती असेल, तर वेळ आधी ठरवावी. मल्लखांबाचा संच संध्याकाळी साडेसहाऐवजी साडेचारला टिपला, तर कोणतीही सेटिंग न बदलता निम्मे काम होते. सूर्य आपल्या पाठीमागे किंवा बाजूला असावा. खेळाडूच्या मागे उजळ आभाळ असेल तर खेळाडू काळा पडतो, आणि त्याला उजळवण्याच्या खटपटीत फोन शटर पुन्हा लांबवतो. सभागृहात खिडक्यांच्या किंवा मोठ्या दारांच्या बाजूला पाठ करून उभे राहावे.

जागा निवडताना दिशेचाही विचार करावा. आपल्यासमोरून डावीकडून उजवीकडे जाणारी वस्तू सर्वांत जास्त फराटते. आपल्याकडे येणारी किंवा आपल्यापासून दूर जाणारी वस्तू सर्वांत कमी. गोलंदाजाचे चित्रीकरण स्क्वेअर लेगला उभे राहून केले तर चेंडूची रेघ होते, तेच साइटस्क्रीनच्या बाजूने केले तर चेंडू बराच वेळ चित्रात जवळपास एकाच ठिकाणी राहतो. कबड्डीत बोनस रेषा तपासायची असेल, तर मात्र रेषेच्या टोकाशी, तिच्या सरळ समोर उभे राहावे लागते. तेथे पाय आडवाच जाणार, त्याला इलाज नाही; म्हणून त्या जागेवरून चित्रीकरण करताना शटरची काळजी दुपटीने घ्यावी.

फ्रेमची संख्या: सर्वांत सोपा उपाय

ज्यांना तांत्रिक खटपट नको, त्यांनी निदान एवढे करावे. कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ३० फ्रेमऐवजी ६० फ्रेम प्रतिसेकंद निवडावे. सेकंदाला ६० चित्रे घ्यायची असतील, तर एका चित्रासाठी १/६० सेकंदापेक्षा जास्त वेळ शटर उघडे राहूच शकत नाही. म्हणजे ३० फ्रेमच्या वेळी होणारा वाईटात वाईट फराटा आपोआप निम्म्यावर येतो. स्लो मोशनमध्ये १२० फ्रेम निवडल्या की ती मर्यादा १/१२० होते, २४० ला १/२४०. याचा दुसरा फायदा असा की पाय टेकण्याच्या क्षणाची जास्त चित्रे हाती लागतात, आणि त्यातले एखादे तरी उपयोगी पडते.

आयफोनवर याच्या जोडीला आणखी एक गोष्ट पाहावी. सेटिंग्जमध्ये कॅमेरा, त्यात रेकॉर्ड व्हिडिओ, आणि त्याखाली ऑटो एफपीएस असा पर्याय असतो. तो सुरू असेल तर अंधार वाटल्यावर फोन फ्रेमची संख्या स्वतःच कमी करतो. वेगवान खेळासाठी तो बंद ठेवावा. अनेक अँड्रॉइड फोनमध्येही असाच स्वयंचलित पर्याय असतो. त्याचे नाव कंपनीगणिक बदलते, पण व्हिडिओच्या सेटिंग्जमध्ये तो शोधल्यास सापडतो.

जागेचा हिशेब मात्र आधी करावा. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये दाखवलेल्या अंदाजानुसार १०८०पी ६० फ्रेमला मिनिटाला सुमारे ९० एमबी लागतात आणि ४के ६० फ्रेमला सुमारे ४०० एमबी. पुरुषांच्या कबड्डी सामन्यातला २० मिनिटांच्या दोन डावांचा खेळ सलग टिपायचा, तर १०८०पी मध्ये साडेतीन जीबीच्या आसपास काम भागते; ४के मध्ये १६ जीबी जातात. शिवाय उन्हात ४के ६० सलग चालवल्यास फोन तापतो. तंत्राच्या अभ्यासासाठी १०८०पी ६० पुरेसे आहे आणि मी स्वतः तेच वापरते.

शटर आपल्या हाती घेणे

फ्रेमची संख्या केवळ वरची मर्यादा ठरवते. नेमका वेग ठरवायचा असेल तर प्रो व्हिडिओसारखा पर्याय लागतो. सॅमसंगच्या वरच्या श्रेणीतल्या फोनमध्ये आणि इतर अनेक अँड्रॉइड फोनमध्ये तो अंगभूत असतो. आयफोनच्या मूळ कॅमेऱ्यात व्हिडिओसाठी शटरचा वेग ठरवता येत नाही. त्यासाठी वेगळे ॲप घ्यावे लागते. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे ॲप विनामूल्य आहे आणि ते आयफोनवर तसेच काही निवडक अँड्रॉइड फोनवर चालते.

क्रम असा ठेवावा. आधी फ्रेमची संख्या ठरवावी, मग शटर, आणि सर्वांत शेवटी आयएसओ. मुलांच्या धावण्याच्या शर्यतीसाठी १/२५०, कबड्डी आणि मल्लखांबासाठी १/५००, क्रिकेटचा चेंडू व बॅट पाहायची असेल तर १/१००० पासून सुरुवात करावी. मग चित्र नीट दिसेपर्यंत आयएसओ वाढवत न्यावा. आयएसओ इतका चढला की दाण्यांमुळे पायाची कडाच हरवू लागली, तर शटर एक पायरी लांबवावे. चित्र थोडे अंधारे राहिले तरी घाबरू नये. अंधारे चित्र नंतर काही प्रमाणात उजळता येते.

मल्लखांबाच्या बाबतीत एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. खांबावर उडी घेताना खेळाडूचा वेग सर्वांत जास्त असतो, पण पकड बसून तोल सांभाळताना एक निमिष असे येते की सगळे शरीर स्थिरावते आणि फक्त पायाची बोटे ताणली जात असतात. उजेड अगदीच कमी असेल तर त्या निमिषावर भर द्यावा. तेथे १/१०० देखील पुरते. उडीचा वेग मात्र १/१०० ला कधीच हाती लागत नाही.

जास्तीत जास्त उजेड मिळावा म्हणून मुख्य, म्हणजे १एक्स कॅमेराच वापरावा. बहुतेक फोनमध्ये त्याचा सेन्सर सर्वांत मोठा आणि छिद्र सर्वांत रुंद असते. दोन बोटांनी चित्र मोठे करून झूम करण्यापेक्षा चार पावले पुढे जावे. फोकससाठी, खेळ जेथे होणार त्या रेषेवर बोट दाबून धरावे आणि फोकस व एक्स्पोजर कुलूपबंद झाल्याची खूण दिसली की बोट उचलावे; नाहीतर मधेच कोणी समोरून गेले की फोन फोकस शोधत बसतो.

सभागृहातले दिवे

रात्रीच्या सामन्यांत शटरचा काळ कमी केला की एक नवी अडचण समोर येते: चित्रात काळे पट्टे सरकू लागतात किंवा उजेड धडधडतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असते, त्यामुळे ट्यूबलाइट आणि अनेक साधे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्यांना ते जाणवत नाही. शटर १/१०० किंवा १/५० असेल तर प्रत्येक चित्रात दिव्याचे पूर्ण आवर्तन येते आणि उजेड सारखा राहतो. १/५०० ला एखादे चित्र उजळ क्षणी आणि पुढचे मंद क्षणी पडते.

म्हणून रात्रीच्या मैदानावर किंवा सभागृहात पोहोचल्यावर पहिले काम म्हणजे दिव्यांची परीक्षा. स्लो मोशन लावून दिव्याखालच्या पांढऱ्या भिंतीकडे पाच सेकंद फोन धरावा आणि व्हिडिओ पाहावा. उजेड स्थिर असेल तर दिवे चांगले आहेत, १/५०० बिनधास्त लावावे. धडधडत असेल तर १/१०० वर थांबावे आणि फोनमध्ये ५० फ्रेमचा पर्याय असल्यास ६० ऐवजी तो निवडावा. काही फोनमध्ये फ्लिकर, म्हणजे ही धडधड, टाळण्यासाठी ५० हर्ट्झ निवडण्याची सोय असते, ती सुरू करावी. सुरुवातीला सांगितलेल्या त्या लालबागच्या सामन्यात मी पुढच्या वेळी हीच परीक्षा केली. एका बाजूचे दिवे स्थिर होते, दुसऱ्या बाजूचे धडधडत होते. स्थिर दिव्यांच्या बाजूची बोनस रेषा १/५०० ला टिपली, आणि प्रशिक्षकांनी थांबवलेल्या फ्रेममध्ये मागच्या पायाची टाच आणि मॅट यांच्यामधली बोटभर फट स्पष्ट दिसली.

हात, तिपाई आणि पाठलाग

फोनमधली ओआयएस, म्हणजे लेन्स स्थिर ठेवणारी यंत्रणा, किंवा फोन बसवायचा गिंबल हा स्थिर दांडा आपल्या हाताची थरथर सावरतात; खेळाडूच्या पायाचा फराटा त्यांनी कमी होत नाही. अंधारात डिजिटल स्थिरीकरण तर उलट त्रासच देते, कारण फ्रेम जागेवर बसवली जाते पण हाताच्या हिसक्याने आलेला धूसरपणा तसाच राहतो आणि चित्र मधूनमधून गढूळ झाल्यासारखे दिसते. साधी तिपाई सर्वांत उत्तम. ती नसेल तर गॅलरीच्या कठड्यावर किंवा बाकाच्या पाठीवर फोन टेकवावा.

धावणाऱ्या खेळाडूचा फोनने पाठलाग करायचा असेल, तर शर्यत जेथे संपते त्या दिशेला पावले वळवून उभे राहावे, कोपरे बरगड्यांना चिकटवावीत आणि कमरेतून फिरावे. आपला फिरण्याचा वेग खेळाडूशी जुळला की त्याचे धड आणि चेहरा स्वच्छ येतात व मागची गर्दी पुसट होते. हात-पाय तरीही थोडे फराटतातच. हिसका देऊन फोन फिरवू नये, कारण फोनचा सेन्सर चित्र एकदम न वाचता एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे ओळीओळीने वाचतो. फलाटावरून जलद लोकल टिपताना डबे तिरके झुकलेले दिसतात, वेगात फिरवलेली बॅट वाकलेली दिसते, ती याच कारणाने. शटर कितीही कमी केले तरी हे वाकणे जात नाही. त्यासाठी फोन स्थिर ठेवणे आणि हालचाल समोरून टिपणे एवढेच करता येते.

प्रत्येक वेळी फराटा वाईटच असतो असेही नाही. गिरगावच्या पाडव्याच्या शोभायात्रेत लेझीम किंवा ढोल टिपताना १/१००० शटर लावले, तर टिपरू हवेत तुटक-तुटक उड्या मारताना दिसते आणि ताल डोळ्यांना जाणवत नाही. तेथे २५ फ्रेमला १/५०, म्हणजे फ्रेमच्या काळाच्या निम्मा शटर, हे जुने प्रमाण चांगले काम देते. उन्हात तेवढे लांब शटर ठेवले की चित्र पांढरे पडते, म्हणून लेन्सवर लावायचा गडद एनडी फिल्टर वापरावा लागतो.

सामना सुरू होण्याआधी, खेळाडू अंग मोकळे करत असतानाच, दहा सेकंदांची चाचणी घ्यावी आणि ती तेथेच फ्रेमफ्रेमने पाहावी. पूर्ण पडद्यावर चालू असलेला व्हिडिओ नेहमीच बरा दिसतो. दोष थांबवलेल्या चित्रातच कळतो. आणि व्हिडिओ प्रशिक्षकांना पाठवताना व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, कारण नेहमीच्या पद्धतीत व्हिडिओ आकसवला जातो आणि वेगवान हालचालीच्या जागी चौकोनी ठिपक्यांचा गढूळपणा येतो, जो पाहणाऱ्याला शटरचाच फराटा वाटतो.